कॅरिअरवरची जागा

अयूबभाईंचा उजवा गुडघा कामातून गेला, तेव्हा त्या गुडघ्याविषयी काहीच मत नसलेला माणूस नागभीडमध्ये शोधून सापडला नसता. २००६ सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की सायकल बंद. पण ते दोन शब्द अयूबभाईंपेक्षा त्यांच्या बायकोला, शमसुन्निसाबाईंना जास्त लागले. कारण सायकल अयूबभाई चालवत असले तरी धंदा बाईंचा होता.

धंदा बांगड्यांचा. अयूबभाई पुढे पॅडल मारायचे. बाई मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि बांगड्यांची पत्र्याची पेटी मांडीवर घ्यायच्या. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी बाईंच्या अंगात शिरायचा आणि उरलासुरला पेटीत जायचा, म्हणून काच शाबूत राहायची. हे मला आता सुचतं आहे. तेव्हा आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं, आणि आता सुचतं आहे ते तरी बरोबर आहे की नाही, याची मला खात्री नाही.

त्यांची गावं सासूच्या काळापासून ठरलेली होती. आमच्याकडच्या खेड्यांत नवरीचा चुडा कोणाच्याही हातून भरून घेत नाहीत. आईचा चुडा जिनं भरला तिनंच, किंवा तिच्या सुनेनं, लेकीचा भरायचा. एकदा दुसरीचा हात लागला की ते घर गेलं. मग त्या घरातल्या पुतण्या, भाच्या, पुढं येणाऱ्या सुना, सगळ्यांची मनगटं त्या दुसरीची. एक घर गेलं की शेजारचं घर विचार करायला लागतं, आणि गाव जायला मग वेळ लागत नाही.

आणि ही दुसरी तयारच होती. ब्रह्मपुरीची तहसीन, तिशीतली विधवा, लूनावर बांगड्यांच्या माळा बांधून गावोगाव फिरायची. जीभ तिखट, माल चांगला आणि गुडघे ठणठणीत.

कोलारटोल्याच्या सीताबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. सीताबाईंचा स्वतःचा चुडा शमसुन्निसाबाईंनीच, स्वतः नवी सून असताना, आपल्या सासूच्या देखरेखीखाली भरलेला. सीताबाईंनी निरोप पाठवला, तो असा : "गुरुवारी दिवस बुडाच्या आत या. नाईतर आमचे हे म्हणतात, तहसीनले बोलवा लागन."

अशा वेळी नागपूरहून मोटार आली.

ती पाठवली अयूबभाईंचा भाचा वाजिद यानं. नागपुरात कोणीतरी हौसेनं बॅटरीची सायकल घेतली होती. ती टेम्पोखाली आली. सायकलचा चेंदा झाला, पण पुढच्या चाकाच्या मध्यात बसवलेली मोटार वाचली. वाजिदनं ती भंगारातून उचलली आणि रेल्वेनं मामाकडे पाठवली. सोबत एक इंग्रजी कागद होता. त्या कागदामुळे मला बोलावणं आलं. मी सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करून निवृत्त झालेला माणूस. सायकलसुद्धा मला धड चालवता येत नाही. पण आमच्याकडे ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याला मोटारीतलंही कळतं असा समज आहे, आणि तो खोडून काढण्याइतकं धैर्य माझ्यात कधी नव्हतं.

बैठक भरली रेल्वे फाटकाजवळच्या अजीमच्या सायकल दुकानात. अजीम दुकानाचा मालक, आणि टायर या विषयावर त्याच्यासमोर कोणी बोलत नसे. दुसरे श्रीहरी गुरुजी, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सायकलीचा तोल हा त्यांचा प्रांत. तिसरा धम्मदीप, बाजार चौकात कॉम्प्युटर क्लास चालवणारा. त्यानं आपल्या क्लासमधल्या तीन जुन्या बॅटऱ्या उदारपणे देऊन टाकल्या होत्या, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं. बॅटऱ्यांनाही होतं. त्या तिन्ही एका पोत्यात घालून उचलताना अजीमची कंबर धरली.

अयूबभाई उलट्या डब्यावर पाय पसरून बसले होते. शमसुन्निसाबाई दुकानाच्या बाहेर, कडुलिंबाच्या सावलीत. त्यांना आत बोलवावं असं कोणाच्या मनात आलं नाही. त्या बोलल्या मात्र बाहेरूनच.

"गुरुवारी कोलारटोल्याले पोचलं पाह्यजे, एवढंच पाहा बाप्पा."

"भाभी, फिकर नका करू," अजीम म्हणाला. "आता हे सायन्सचं काम आहे."

मी कागद वाचला. बॅटरी शक्यतो सायकलच्या मध्यावर आणि खाली ठेवावी, असं त्यात लिहिलं होतं. चित्रही होतं. चित्रातला माणूस गोरापान, डोक्यावर टोप, एकटा. त्याच्या सायकलला कॅरिअरच नव्हतं. ज्या देशात ती सायकल झाली तिथं बायका कुठं बसतात कोण जाणे.

"मध्यावर म्हणजे गुरुत्वमध्यावर," श्रीहरी गुरुजी म्हणाले. त्यांनी खडू मागितला आणि दुकानाच्या फळीवर दोन गोल काढले. वर एक टिंब दिलं. "हे अयूबभाई." मग खाली एक टिंब. "ही मोटार." मग मागं तीन टिंबं. "ह्या बॅटऱ्या. आता मध्य काढू."

शमसुन्निसाबाईंचं टिंब त्या फळीवर नव्हतं. मला ते दिसलं होतं का? दिसलं असावं. पण गुरुजी मध्य काढत असताना कसं बोलायचं, म्हणून मी कागदाची घडी घातली.

पहिला प्रश्न टायरचा निघाला. अजीम म्हणाला, कोलारटोल्याचा रस्ता म्हणजे बाभळीचे काटे. मोटारीची सायकल एकदा पंक्चर झाली की ती ढकलणं म्हणजे रेड्याला ढकलणं. म्हणून साधं टायर नको. टायरच्या आत जुन्या टायरची पट्टी घालायची, म्हणजे गेटर टाकायचा, हाही मधला मार्ग झाला. अजीमला मधला मार्ग नको होता. त्यानं ट्यूबच काढून टाकली आणि तिच्या जागी जाड रबरी पाइप कापून टायरमध्ये ठासून भरला. दोन्ही चाकांत. त्या कामाला त्याला पूर्ण दुपार लागली आणि अंगठ्याचं नख गेलं.

"आता काटा सोडा, खिळा जरी घुसला ना," तो हात पुसत म्हणाला, "तरी सायकलीले समजणार नाई."

"बसणाऱ्याले समजन ना पण," बाहेरून शमसुन्निसाबाई म्हणाल्या. बाहेर टेकवलेलं टायर त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं होतं. "हे त दगड आहे."

"भाभी, दगडच पाह्यजे. दगड पंक्चर होते का?"

यावर सगळे हसले. उत्तर चांगलं होतं, हे मान्य करावं लागेल.

मग बॅटरी. धम्मदीपचं मत कॅरिअरचं पडलं. तिथं वारा लागतो, पाणी उडत नाही, तार सरळ जाते. पत्र्याचा एक डबा करून घेतला, तो कॅरिअरवर बोल्टनं आवळला, आत बॅटऱ्या बसवल्या. त्या काळात दिवसातले बरेच तास वीज जायची, त्यामुळे चार्ज करायलाच दोन रात्री गेल्या. मग अयूबभाई सायकलवर बसले. डांबरी रस्त्यावर ती अशी गेली की फाटकावर थांबलेल्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. अयूबभाईंचे पाय पॅडलवर नुसते ठेवलेले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. जन्मभर ते बायकोला नेणारे म्हणून ओळखले जात होते. त्या दिवशी पहिल्यांदा लोक त्यांच्याकडे पाहत होते.

पण गोदामाकडच्या मुरमावर सायकल आली आणि पुढचं चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. सगळं वजन मागं, मोटार पुढं. पुढचं चाक जमीन धरीना. मुरमाचे खडे उडाले ते श्रीहरी गुरुजींच्या नडगीवर.

"अयूबभाई, पुढं वाका!" गुरुजी पाय चोळत ओरडले. "वाका म्हणतो ना!"

"किती वाकू? हँडल खाऊ का आता?"

म्हणून दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या पुढं आल्या. हँडलसमोर रंगाचा मोठा डबा बांधला. आता चाकानं जमीन धरली, पण हँडल अयूबभाईंचं ऐकेना. त्यांना वळायचं होतं मशिदीकडं. वजन ज्या बाजूला झुकलं त्या बाजूला सायकल गेली आणि देशी दारूच्या दुकानासमोर जाऊन थांबली. ज्या माणसानं जन्मात दारूचा थेंब शिवला नाही, तो भर दुपारी तिथं सायकलीला मिठी मारून उभा आहे, हे निम्म्या गावानं पाहिलं. दारूवाल्यानं आदरानं विचारलं, "भाऊ, तुमीबी?"

तिसरी जागा कागदातली, म्हणजे फ्रेमच्या त्रिकोणात, अयूबभाईंच्या दोन पायांमध्ये. इथं तोल झकास झाला. गुरुजींनी फळीवर टिक केली. फक्त अयूबभाईंना दोन्ही गुडघे बाहेर फाकवून बसावं लागलं, बेडूक बसतो तसं. बाजाराला एक चक्कर मारून आले तेव्हा ज्या गुडघ्यासाठी हे सगळं चाललं होतं तो गुडघा नारळाएवढा झाला होता. त्या रात्री शमसुन्निसाबाईंनी मोहाच्या बियांचं तेल चोळलं. सकाळी दुकानात येऊन उभ्या राहिल्या, त्या पहिल्यांदाच उंबरठ्याच्या आत.

"मले एक सांगा. हे बॅटऱ्या कुठंबी बसवा. मी कुठी बसू?"

तो प्रश्न आम्हाला नवा होता.

धम्मदीप आधी सावरला. "काकू, सध्या गाडीची चाचणी चालू आहे. पॅसेंजरचं आपण पुढच्या टप्प्यात घेऊ."

"मी पॅसेंजर आहे काय रे? बांगड्या कोण भरन मंग, तुही बॅटरी भरन?"

अजीम इतका हसला की त्याच्या हातातला पाना पडला. गुरुजीही हसले. मीही हसलो असेन. बाईंचं बोलणं खरोखर मजेदार होतं, आणि मजेदार बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं असा आमचा सगळ्यांचा समज होता.

तोडगा गुरुजींनी काढला. तो ऐकून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला, हे मी लपवत नाही. बॅटऱ्या कॅरिअरवरच परत न्यायच्या. पुढं वजन कमी पडतं, म्हणून चाक फिरतं. तर पुढं काहीतरी जड लावायचं. पण उगीच विटा कशाला बांधायच्या? बांगड्यांची पेटी आहेच की. ती हँडलला पुढं टांगायची. पेटी एकट्या बाईला उचलत नाही एवढी जड, म्हणजे वजन नेमकं हवं तेवढं. एका दगडात दोन्ही कामं.

"आणि मी?" बाई म्हणाल्या.

"भाभी, तुमी एसटीनं या," अजीम म्हणाला. "फाट्यावर उतरा. तिथून कोलारटोला किती? दीड कोस. सावली सावलीनं या."

एप्रिल संपत आला होता. त्या रस्त्याला सावली असते ती भाद्रपदात.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अयूबभाई सायकलच्या घंटीचा कप फडक्यानं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. नुसते म्हणाले, "एक डाव पाहू ना. इतके लोक मेहनत करून राह्यले."

हे खरं होतं. इतक्या लोकांनी अयूबभाईंसाठी कधीच मेहनत केली नव्हती. मला वाटतं, बाई त्यासाठीच गप्प बसल्या. किंवा गुडघ्याच्या काळजीनं. किंवा बोलून उपयोग नाही हे त्यांना आमच्याआधी कळलं. मी पुस्तकांतली माणसं वाचू शकतो, समोरची नाही.

गुरुवारी सकाळी सायकलच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. बॅटऱ्यांच्या डब्याला झेंडूचा हार घातला. अयूबभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं आणि निघाले. हँडलला पेटी, कॅरिअरवर बॅटऱ्या. शमसुन्निसाबाई एसटी स्टँडवर गेल्या, तिकडे कोणी पाहिलं नाही.

कोलारटोल्याला जे झालं ते मी पाहिलेलं नाही. अयूबभाईंनी एक सांगितलं, शमसुन्निसाबाईंनी दुसरं, आणि नंतर सीताबाई बाजारात भेटल्या तेव्हा त्यांनी तिसरं. मी तिन्ही जुळवून लिहितो आहे. कुठे चुकलं तर दोष माझा.

सायकल पोचली. हे आधी सांगायला हवं, कारण अजीमचा तसा आग्रह आहे. वाटेत एकदाही पंक्चर झाली नाही. कोलारटोल्याच्या आखरावर, गावाच्या तोंडाशी, येताच पोरं मागं धावली, आणि अयूबभाई घंटी वाजवत सीताबाईंच्या मांडवासमोर उतरले. सीताबाई हळदीच्या गडबडीतून धावत बाहेर आल्या.

"आले वं बाई एकदाचे! अयूबभाऊ, बाई कुठी आहे?"

"मागून येऊन राह्यली."

सीताबाईंनी सायकलच्या मागं पाहिलं. "मागं त डबा आहे."

"त्यात बॅटऱ्या आहेत."

"बॅटऱ्या बसल्या, आन् बाईले उतरवलं?" सीताबाईंच्या जावेनं तोंडाला पदर लावला. "माय वं! नवी आणली का भाऊ?"

मांडवातल्या बायकांना दुसरं काम नव्हतं. एक म्हणाली, हारबी घातला आहे सवतीले. दुसरी म्हणाली, गुपचूप बसते बिचारी, बोलत नाई, अशीच पाह्यजे असन भाऊले. अयूबभाई मोटार किती वेगानं चालते ते सांगत होते. त्यांना वाटलं, हसतात ते कौतुकानं.

शेवटी सीताबाईंची सासू काठी टेकत आली. ती म्हणाली, "हासनं बंद करा. पेटी खोला. बाई येईतो चुडा तरी काढून ठेवा."

पेटी उघडली.

दगडासारखी दोन चाकं, मुरमाचा रस्ता आणि हँडलला टांगलेली काच. वरच्या माळा उचलल्या तर दोऱ्यात नुसते तुकडे अडकलेले. खाली पेटीच्या तळाला हिरवा चुरा, जाड मिठासारखा. काही बांगड्या शाबूत होत्या, नाही असं नाही. लहान मुलींच्या.

हळदीच्या घरात फुटलेली काच. सासूनं काठीनं पेटी दाखवली आणि एवढंच म्हटलं, "फाटकाबाहेर न्या." सीताबाई रडायच्या बेतात आल्या. त्यांच्या नवऱ्यानं मात्र वेळ घालवला नाही. तो म्हणाला, "म्या आधीच म्हटलं होतं. तहसीनले फोन केला आहे. निघाली आहे थे."

त्याच वेळी शमसुन्निसाबाई फाट्यापासून चालत होत्या. पायांत प्लास्टिकच्या चपला, डोक्यावर ओला केलेला पदर, तो वाळून खडखडीत. मोहाच्या एका झाडाखाली त्या टेकल्या. मागून लूनाचा आवाज आला. तहसीन. ती पुढं गेली, थांबली, मागं वळून पाहिलं.

"खाला? पैदल? इस धूप में?"

"जा तू. तुह्या कामाले जा."

"कोलारटोल्यालेच जाऊन राह्यली ना तुमी? बसा."

"तुह्या गाडीवर बसून माह्या घरी जाऊ?"

"मंग चालत जाऊन पाहा. मी त पोचतेच. तुमी पोचाच्या आत चुडा भरून घरीबी परतन." तहसीननं लूना स्टँडवर लावली नाही, पण बंद केली. "खाला, त्या घरचा माणूस फोन करून राह्यला, पण थे म्हातारी मले हात लावू देणार नाई. गेल्या साली तिच्या पुतणीच्या वक्ती दारातून वापस पाठवलं मले. म्हणे, जिचा हात तिचाच हात. दोघी गेलो त दोघींचं काम होईन. नाईतर दोघींची धूप."

"माह्याकडे माल आहे. यांच्याजवळ."

"यांच्याजवळ," तहसीन म्हणाली. "फाट्यावर चहावाला सांगत होता, बॅटरीची सायकल गेली म्हणून. रस्ताभर खडखड खडखड आवाज करत गेली म्हणे. तुमची सायकल कधी खडखडत होती का खाला?"

शमसुन्निसाबाई उठल्या. लूनाच्या मागच्या सीटवर बसल्या. तहसीननं आपल्या माळांची एक पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंनी ती धरली. त्या मला नंतर म्हणाल्या की पिशवी हातात आल्याबरोबर काच चांगली आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

मांडवात दोघी एकाच गाडीवरून उतरल्या तेव्हा सीताबाईंच्या नवऱ्याला कोणाशी बोलावं ते समजेना. म्हातारीला समजलं. तिनं आधी तहसीनच्या माळांतली एक बांगडी उन्हात धरली, बोटानं वाजवली, मग शमसुन्निसाबाईंकडे पाहिलं.

"माल कोनाचा, ते मले नाई घेणंदेणं. हात तुहा आहे ना?"

"माहा आहे."

"मंग बस."

पण बाई बसेनात. सगळ्यांना वाटलं, मान आड आला. त्यांनी तहसीनला बाजूला नेलं, तुळशीपाशी, आणि हळू बोलल्या. काय बोलल्या ते तहसीननंच नंतर गावभर सांगितलं. बाई म्हणाल्या, "आज भरीन. पण हे घर तुहं नाई होणार, आन् आता एकट्या माह्यं बी नाई राह्यत. लग्नाच्या चुड्याले दोघी येऊ. मी भरीन, तू देशील. माही गावं आहेत, तुही गाडी आहे. कबूल असन त सांग, नाईतर मी या उन्हात वापस चालत जातो आन् तू त्या म्हातारीशी बोल."

तहसीननं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी काठी घेऊन बसली होती.

"कबूल," तहसीन म्हणाली. "पण घासाघीस मी करन. तुमी लय लवकर पिघळता."

मग चुडा भरला. तहसीन माळेतून बांगड्या सोडवून देत होती, शमसुन्निसाबाई नवरीचा हात दाबून, अंगठा आत मोडून, एकेक वर चढवत होत्या. एकही तडकली नाही. नवरी रडायची थांबून पाहत राहिली, असं सीताबाई म्हणाल्या. जाऊबाईंनी मग आपलेही हात पुढं केले, शेजारणींनी केले, आणि तहसीनची पिशवी दिवस बुडण्याआधी रिकामी झाली.

अयूबभाई या वेळात कुठे होते? ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते. वीज गेली होती आणि लाउडस्पीकर बंद पडला होता. लग्नाच्या घरात चुड्याशिवाय एक तास निघतो, गाण्याशिवाय निघत नाही. लाउडस्पीकरवाल्याची नजर हार घातलेल्या डब्यावर गेली. कोणीतरी पाना आणला. अयूबभाईंनी स्वतः बोल्ट सैल करून दिले. बॅटऱ्या मांडवाच्या खांबाशी ठेवल्या, तारा जोडल्या, आणि कोलारटोल्यात रात्री उशिरापर्यंत सनई वाजली. अयूबभाईंना मानानं पहिल्या पंगतीत बसवलं.

परत निघताना कॅरिअर मोकळं होतं. शमसुन्निसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बॅटऱ्या उतरलेल्या, सायकल पुन्हा पायांनी मारायची, आणि मारणार कोण? अयूबभाई म्हणाले, बॅटऱ्या चार्ज होईपर्यंत मला इथंच थांबावं लागेल, लग्नही पाहून होईल. बाई तहसीनच्या मागं बसून नागभीडला आल्या.

अयूबभाई आले ते लग्न आटोपून, रविवारी. त्या दिवशी अजीमच्या दुकानात जी बैठक झाली तिला मी हजर होतो. अजीमनं दोन्ही टायर हातानं चाचपून पाहिले आणि एक काटा चिमट्यानं काढून सगळ्यांना दाखवला. तो काटा त्यानं काचेच्या बरणीत ठेवला. श्रीहरी गुरुजी म्हणाले की पुढं पेटी, मागं बॅटरी हा सिद्धांत प्रत्यक्षात उतरला. मुरमावर चाक एकदाही जागच्या जागी फिरलं नाही, याबद्दल अयूबभाईंनी साक्ष दिली. धम्मदीप म्हणाला, एका रात्री पूर्ण लाउडस्पीकर चालला म्हणजे बॅटऱ्यांची ताकद लक्षात घ्या. सगळ्यांनी लक्षात घेतली.

"आन् बांगड्या?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज इतका बारीक होता की कोणी ऐकलं नसतं तरी मला वाईट वाटलं नसतं.

"बांगड्यांचं पॅकिंग चुकलं," गुरुजी म्हणाले. "तो सायकलचा दोष नाही."

"पॅकिंग भाभीनं केलं होतं," अजीम म्हणाला.

अयूबभाई म्हणाले, "लोकाईनं लय तारीफ केली सायकलीची." आणि ते खरं होतं.

पावसाळा लागायच्या आत लग्नांचे पुष्कळ मुहूर्त होते. रोज सकाळी तहसीनची लूना नागभीडला यायची, शमसुन्निसाबाई पेटी मांडीवर घेऊन मागं बसायच्या, आणि दोघी फाटक ओलांडून जायच्या. दुकानात आम्ही तेव्हा पावसात बॅटरीवर झाकण कसं घालावं याचा विचार करत असू. अयूबभाई दिवसभर तिथंच असत. गुडघा उतरला होता, कारण ते कुठंच जात नव्हते. गावातले लोक त्यांना सायकलविषयी विचारत आणि ते न कंटाळता सांगत. लग्नसराई संपता संपता गुरुजी कोणाला तरी म्हणाले, "पाहा, बॅटरीची सायकल आल्यापासून अयूबभाईंचा धंदा किती वाढला!" कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

पण मला राहवेना. एका सकाळी बाई स्टँडसमोर लूनाची वाट पाहत उभ्या होत्या. मी जवळ गेलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि मग विचारलं, "बाई, खरं सांगा. ती बॅटरी कुठं बसवायला हवी होती?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी चुकीच्या माणसाला चुकीचं पुस्तक दिलं आहे.

"मले काय मालूम भाऊ? मले त आज मिंडाळ्याले जाचं आहे, दोन चुडे आहेत," त्या म्हणाल्या, आणि रस्त्याकडे पाहत पेटीचं कुलूप ओढून बघायला लागल्या. "हे पोट्टी अजून आली काऊन नाई?"